पैसे दिले, पण लगेच जोडू नका

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूरला राहतो. हडपसरच्या एका गृहस्थांकडून जुना कॅराव्हॅन ट्रेलर घेतला आहे. एका आसाचा, दोन चाकांचा. आत दोघांची झोपायची सोय, छोटा ओटा, साठ लिटरची पाण्याची टाकी. तीन वर्षं तो त्यांच्या सोसायटीमागे उभाच होता. कागदावर रिकामं वजन 750 किलो. ओढायला आमची बोलेरो आहे, मागे हुक बसवून घेतला आहे. येत्या रविवारी मुलाला घेऊन जायचं, उरलेले पैसे द्यायचे आणि रात्रीपर्यंत ट्रेलर घरी आणायचा असा बेत आहे. काय तयारी करावी?

उत्तर : सर, बाई, रविवारचा बेत अर्धाच ठेवा. कागद घ्या, गाडी डोळ्यांखालून घाला, हवं तर पैसेही देऊन टाका. पण ओढून आणायचं काम पुढच्या आठवड्यावर टाका, मधले दिवस तिथल्याच एखाद्या मेकॅनिकला द्या. 2021 साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशी पत्रं मला अधूनमधून येतात आणि बहुतेकांत हाच घोळ असतो. घेणारा उत्साहात, विकणाऱ्याला जागा रिकामी करायची घाई, आणि तीन वर्षं न फिरलेल्या चाकाची विचारपूस कुणीच करत नाही. एसटीच्या वर्कशॉपात आम्हाला पळणाऱ्या गाडीची धास्ती कमी आणि डेपोच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या गाडीची जास्त असायची.

कागदांचं आधी उरकून टाकतो. ट्रेलरला स्वतःचं आरसी बुक असतं, स्वतःचा चॅसी नंबर असतो. पुढच्या दांड्यावर किंवा फ्रेमवर तो ठोकलेला सापडेल. घासणी आणि रॉकेल घेऊन जा, गंज पुसा आणि आकडा न् आकडा आरसीशी ताडून बघा. 'घरी बनवलाय, आरसी नाही' असं उत्तर आलं तर उरलेले पैसे खिशातच राहू द्या. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 मागा. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 वर त्यांच्या सह्या घ्या. विक्रीची खबर आरटीओला विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत द्यायची असते. बोलेरोच्या विमा कंपनीला फोन करून ट्रेलर ओढण्याबद्दल विचारा आणि होकार लेखी मागा, तोंडी नको. आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. ट्रेलरच्या मागे ओढणाऱ्या गाडीचा नंबर लावावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 61 मध्ये तसं आहे. तेव्हा बोलेरोच्या नंबरची जादा पाटी आधीच करून न्या.

आता चाकं. माझं निम्मं उत्तर इथेच खर्च होणार आहे, कारण वाटेत दगा झाला तर तो बहुधा इथूनच होतो.

टायरची नक्षी तुम्हाला नव्यासारखी दिसेल. दिसणारच, टायर पळालाच नाही. नक्षी बघू नका, जन्मतारीख बघा. टायरच्या बाजूला डीओटी ही अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2317 असेल तर तो 2017 सालच्या 23व्या आठवड्यातला. ओळ एका बाजूला अर्धवट दिसली तर दुसऱ्या बाजूने बघा. सहा-सात वर्षांपलीकडचा टायर असेल तर मी तपासतसुद्धा बसत नाही, बदलायलाच लावतो. स्टेपनीलाही हाच नियम. तीन वर्षं एकाच जागी वजन घेऊन उभ्या टायरच्या खालच्या भागाला चपटेपणा येतो, बाजूला बारीक भेगा पडतात आणि महामार्गावर तापला की तो तिथूनच फाटतो. नवे घेताना भार सोसायचा आकडा विचारा. 82 लिहिलेला टायर 475 किलो सोसतो, 88 लिहिलेला 560 किलो. तुमचा ट्रेलर भरल्यावर साडेनऊशेच्या आसपास गेला तर प्रत्येक चाकावर 475 किलो आले, म्हणजे 82 वाल्याच्या हातात काही शिल्लकच राहिलं नाही. 88 किंवा त्याच्या वरचा घ्या. दुकानदार 'कारचा कोणताही चालतो' म्हणेल, त्याला म्हणू द्या.

मग बेअरिंग. ट्रेलर जॅकवर घ्या, पण जॅक आसाखाली किंवा कंपनीने दाखवलेल्या जागी लावा, पत्र्याखाली किंवा लाकडी तळाखाली नको. चाक हाताने फिरवा, घरघर ऐकू येते का बघा. वर-खाली धरून हलवा, खुळखुळ लागते का बघा. खरं तर एवढं करूनही माझं समाधान होत नाही. दोन्ही हब, म्हणजे चाकामधले बेअरिंग बसलेले भाग, उघडायला लावा, बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरून घ्या, सील नवी टाका. तीन वर्षांत आतलं ग्रीस सुकलेलं असतं, पावसाचं पाणी शिरलं असेल तर गंजही धरलेला असतो. हब उघडलाच आहे तर ब्रेकचे लायनरही दिसतील. हँडब्रेक ओढून ठेवलेला ट्रेलर असेल तर लायनर ड्रमला चिकटून बसलेले असतात आणि चाक सुटता सुटत नाही.

तुमच्याकडच्या मापाच्या ट्रेलरला बहुधा ढकल्याचे ब्रेक असतील. पुढची गाडी थांबते, ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने दांडा आत जातो आणि सळई-केबलमधून मागचे ब्रेक लागतात. दांड्यावरचं रबरी भातं फाटलेलं नाही ना बघा. दांडा जोर लावून आत ढकला, तो विरोध करत सावकाश आत जायला हवा आणि सोडल्यावर सावकाश बाहेर यायला हवा. धाडकन आत गेला तर आतला डँपर, म्हणजे धक्का शोषणारा भाग, गेलेला आहे. हे काम सगळ्यांना येत नाही, त्यामुळे मेकॅनिक निवडताना आधी ट्रेलरचं काम केलंय का हे विचारा.

आत सोलर, एसी, सोफ्याचं कापड यावर पैसे घालायचे मनात असेल तर ब्रेकचं बिल चुकतं होईपर्यंत थांबा.

वजनाबद्दल. 750 हा आकडा रिकाम्या गाडीचा. त्यात बॅटरी, गाद्या, भांडी, मुलाने हौसेने घेतलेल्या खुर्च्या आल्या. पाण्याची टाकी भरलीत तर 60 किलो आणखी. घरगुती सिलिंडर भरलेला असेल तर जवळपास 30. घरी आणताना टाकी पूर्ण रिकामी ठेवा आणि सिलिंडर आणूच नका. तरी वजनकाट्यावर न्याच. सोलापूर-पुणे रस्त्याला काट्यांना तोटा नाही. बोलेरोचं रिकामं वजन आरसीवर आहे. नवख्या माणसाने भरलेला ट्रेलर त्याच्या 85 टक्क्यांवर जाऊ देऊ नये, असा एक ठोकताळा आहे. गाडी समजा 1600 किलोची असेल तर 1360 झाले, तुम्ही आत आहात. पण गाडीच्या पुस्तकात किंवा हुकच्या पट्टीवर ओढायची मर्यादा त्याहून कमी दिली असेल तर ती पाळायची. हुक बंपरच्या पत्र्याला नाही तर चॅसीला बोल्ट केलेला आहे हे खाली झोपून स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

एकूण वजनापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व जास्त. बैलगाडीत मागे जास्त भरलं की ती उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठतं, तसंच इथे होतं. जड सामान आसाच्या वर किंवा किंचित पुढे, हलकं सामान मागे. हुकवर ट्रेलरच्या वजनाच्या साधारण 7 ते 10 टक्के भार यायला हवा. तुमच्या ट्रेलरला 65 ते 95 किलो, फक्त हुकच्या पट्टीवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. मोजायला बाथरूममधला वजनकाटा चालतो. सपाट जागेवर चाकांना दगड लावा, काट्यावर लाकडी ठोकळा उभा करा आणि हुकच्या उंचीवर कपलर, म्हणजे दांड्याच्या टोकाची हुकवर बसणारी वाटी, त्यावर टेकवा. भार कमी पडला तर मागचं सामान पुढे सरकवा. तो कमी असताना ट्रेलर मागे शेपटी हलवायला लागतो आणि वेगात ती हालचाल वाढत जाते.

जोडताना पाळायच्या गोष्टी थोड्या आहेत. हुकचा गोळा आणि कपलर एकाच मापाचे हवेत. परदेशातून आलेल्या ट्रेलरना बहुधा 50 मिमीचा लागतो, पण कपलरवर कोरलेलं वाचा. जोडून झालं की पुढचं छोटं चाक फिरवून दांडा वर उचला. बोलेरोचा मागचा भाग किंचित वर उचलला गेला तर कपलर धरला, सुटून वर आला तर धरला नव्हता. साखळ्या दांड्याखाली एकमेकींवरून फुली करून अडकवा, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यात रुतण्याआधी साखळीत झेलला जातो. सुटल्यावर ब्रेक ओढणारी बारीक केबल वेगळी असते. ती गाडीच्या चॅसीला अडकवायची. गोळ्याभोवती गुंडाळलेली केबल गोळ्यावरून निसटते आणि मग तिचा उपयोग काय? शेवटी ते छोटं चाक आणि चारही कोपऱ्यांचे पाय पूर्ण वर, छताची खिडकी बंद.

दिव्यांचा सात पिनांचा प्लग असतो. डावा इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवाही मंद लुकलुकतो, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. ती बहुतेक वेळा अर्थिंगची असते. सात वायरच्या प्लगमध्ये पांढरी वायर अर्थिंगची, तिचं टोक खरवडून घट्ट करा. तीन वर्षं उभ्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडल्या नसतील तरच नवल. वीजवाल्याला त्याच मेकॅनिकसोबत बोलवा.

रस्ता तुमच्या ओळखीचा आहे, पण मागे ट्रेलर असला की तो वेगळा वागतो. सध्या उसाचा हंगाम चालू आहे, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर आहेत आणि अंधार पडला की त्यातल्या कित्येकांच्या मागे साधा रिफ्लेक्टर दिसत नाही. म्हणून रात्रीपर्यंत आणायचं हे वाक्य मी खोडतो. पहाटे निघा आणि उजेडात घरी या. वेग 60. 60 चा 80 केलात तर थोपवायची ताकद पावणेदोन पटीच्या घरात जाते. पहिला थांबा उरुळी कांचनला घ्या. दोन्ही हबना हात लावा, कोमट चालतील, हात टेकवत नसेल तर पुढे जाऊ नका. चाकांचे नट समोरासमोर आवळत सगळे बघा. चाक नव्याने बसवल्यावर पहिल्या 50-100 किलोमीटरमध्ये नट ढिले होतात, म्हणून दुसरी तपासणी भिगवणला. तिथे मासे खायला थांबणारच असाल, तर हात धुण्याआधी नट बघा.

भिगवणच्या पुढे उजनीच्या पाण्याकाठी आणि भीमेच्या पुलावर वारा आडवा लागतो. बाजूने मोठी बस गेली की ट्रेलर आधी बाहेर ढकलला जातो, मग तिच्याकडे ओढला जातो. घाबरून स्टेअरिंग फिरवू नका. शेपटी हलायलाच लागली तर ॲक्सिलेटरवरून पाय काढा, स्टेअरिंग सरळ धरा, ब्रेक दाबू नका, वेग आपोआप उतरू द्या. वेग वाढवून सरळ होतं असं सांगणारे भेटतील. त्यांना गाडी देऊ नका. टोलनाक्यावर रुंद लेन धरा. पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर, चारही ठिकाणी वळताना आतलं चाक कठड्याला घासतं.

घरी आल्यावर खरी परीक्षा रिव्हर्सची. जुळे सोलापूरच्या गल्लीत जाण्याआधी एखाद्या मोकळ्या मैदानावर तासभर सराव करा. हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, मग ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला हात न्या. बाईंनी खाली उतरून मागे उभं राहावं, आणि आरशात दिसतील अशाच जागी उभं राहावं.

प्रश्न : आमचं गाव बार्शीजवळ आहे. असाच ट्रेलर घ्यायचा विचार आहे, पण चारचाकी नाही, ट्रॅक्टर आहे. त्यालाच जोडून आणला तर?

उत्तर : नको. ट्रॅक्टरला खिट्टीचा हुक, ट्रेलरला गोळ्याचा कपलर, दोघांची उंची वेगळी. वेल्डिंग करून मेळ घालणारे भेटतील, पण तो सांधा महामार्गावर टिकेल याची खात्री कुणी देणार नाही. शिवाय शेतीच्या नावाने नोंदलेल्या ट्रॅक्टरने हे ओढताना अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. ट्रेलर सपाट ट्रकवर चढवून आणा, पट्ट्यांनी चारही बाजूंनी बांधा. भाडं जाईल, पण टायर-बेअरिंगचं काम तुम्ही घरी निवांत करू शकाल. फक्त ट्रकवर चढल्यावर उंची किती झाली ते टेपने मोजा आणि गावातल्या विजेच्या तारांचा अंदाज आधी घेऊन या.

प्रश्न : पंढरपूरला घराशेजारी मोकळ्या जागेत ट्रेलर उभा आहे, उन्हाळाभर वापरणार नाही. काय काळजी घ्यावी?

उत्तर : चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. टायरवर ऊन येणार नाही अशी गोणपाटं बांधा, हवा पूर्ण ठेवा, आणि जमलं तर आसाखाली स्टँड देऊन भार काढा. बॅटरीचं टोक सोडून ठेवा. काळी माती असेल तर चाकांखाली फरशी घाला, नाहीतर पावसाळ्यात ट्रेलर बाहेर काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागेल.