उंदराचा दिवस आणि लेक्चरचा दिवस

प्रिय,

अनेक आशीर्वाद. सहायक प्राध्यापकाची नेमणूक झाली, छान झालं. आता रिगचं (पेशींचे विद्युत संकेत नोंदवणाऱ्या यंत्रसंचाचं) कोटेशन मागवण्याआधी टाइमटेबल हातात घे. विभागप्रमुखांना भेट आणि आपले तास आठवड्याच्या दोन दिवसांत कोंबून घे. रोज एक तास ऐकायला सोयीचा वाटतो, पण पॅच-क्लॅम्पचा, म्हणजे बारीक काचेच्या पिपेटने एकेका पेशीचे विद्युत संकेत मोजण्याचा, दिवस तुकड्यांत होत नाही. मेंदू काढून 300 मायक्रोमीटरच्या स्लाइस (पातळ चकत्या) कापल्या की त्यांना 32 ते 34 अंशांवर अर्धा तास सावरायला लागतो. पुढचे सहा-आठ तास काय ते तुझे. मध्ये बाराचं लेक्चर आलं की उंदीर फुकट गेला, आणि प्राणी नैतिकता समितीला हिशोब त्याचाही द्यावा लागतो.

स्लाइस मेल्या तर आधी एसीएसएफकडे (स्लाइस ज्यात ठेवतो त्या कृत्रिम मेंदूद्रवाकडे) बघ. 95 टक्के ऑक्सिजन आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड पंधरा-वीस मिनिटं सोडल्यावरच कॅल्शियम घाल. आधी घातलंस तर पीएच चढलेला असतो, कॅल्शियम साक्यात जातं आणि द्रावण गढूळ होतं. ते गाळून वापरायचा मोह होईल. ओतून दे, कारण त्यात आता कॅल्शियम किती उरलंय हे सांगता येत नाही. पीएचही गॅस चालू असतानाच मोज, 7.4च्या आसपास हवा.

सील (पिपेटचं टोक आणि पेशीचा पडदा यांतला घट्ट जोड) होईना तर दर वेळी नवी पिपेट घे (3 ते 5 मेगाओहमची) आणि नळीतून दाब गळतोय का ते तपास. सिरीज रेझिस्टन्स (पिपेट आणि पेशीच्या आतला भाग यांमधला विद्युत अडथळा) सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीदा लिहून ठेव. 20 टक्क्यांहून जास्त हलला तर ती पेशी बाद, ट्रेस (नोंदलेला आलेख) कितीही देखणा असला तरी. हा नियम प्रयोगाआधी वहीत लिहिलेला असू दे. नंतर ठरवला की तो आपल्याच सोयीचा निघतो.

आणि तीन उंदरांच्या 24 पेशी म्हणजे एन (नमुन्यांची संख्या) 24 नव्हे. एका उंदराच्या पेशी एकमेकींसारख्या असतात, म्हणून विश्लेषणात उंदीर हा स्वतंत्र घटक धर.

वर्गात मुलं हमखास म्हणतात की रिपोलरायझेशन, म्हणजे स्पाइकनंतर (विद्युत झटक्यानंतर) पेशीचं व्होल्टेज पूर्ववत आणणं, हे काम सोडियम-पोटॅशियम पंप करतो. खोडून काढत बसू नकोस. पंप बंद केला तरी स्क्विड या समुद्री प्राण्याचा जाड अ‍ॅक्सॉन (चेतातंतू) हजारो स्पाइक देतो, एवढं सांग आणि का ते त्यांनाच विचार. मग फळ्यावर पोटॅशियम लिही: बाहेर 5, आत 140 मिलिमोलर. 37 अंशांना नर्न्स्टच्या समीकरणाचं (आतबाहेरच्या प्रमाणावरून व्होल्टेज काढणाऱ्या) उत्तर येतं उणे 89 मिलिव्होल्टच्या आसपास. बाहेरचं 10 कर, उणे 70 येईल. डायलिसिस चुकल्याने रक्तात पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाचा ईसीजी का बिघडतो हे तिथून त्यांना स्वतःला काढता येतं. एमबीबीएसच्या मुलांसाठी हा तास पूर्ण राखून ठेव. आयन चॅनलचे उपप्रकार हँडआउटमध्ये चालतील.

खोली तळमजल्यावर मिळते का बघ, लिफ्टशेजारची नको. आणि अर्थिंग वेगळं टाकून देतील का, हे इलेक्ट्रिशियनकडून लेखी घे. विजेच्या तारांमधून नोंदीत शिरणारा 50 हर्ट्झचा गोंगाट मागे लागला की महिना जातो.

तुझा,
सर