नव्या टीम लीडसाठी: अ‍ॅप नंतर, आधी कॅलेंडर

पहिल्याच आठवड्यात नवं अ‍ॅप आणू नकोस. टीम जिरा (Jira, कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) वापरत असेल तर जिरा, एक्सेल असेल तर एक्सेल. तुझं खरं साधन म्हणजे प्रत्येकाशी दर आठवड्याला अर्ध्या तासाची स्वतंत्र बैठक. ती कॅलेंडरवर कायमची टाक आणि माणसागणिक नोंदींचा एक गूगल डॉक ठेव, फक्त तुम्हा दोघांना दिसेल असा, नवी तारीख सगळ्यात वर. पहिली 20 मिनिटं समोरच्याची. ‘काम कुठवर आलं?’ हे तिथे विचारायचंच नाही, नाहीतर त्या बैठकीची हजेरी होऊन बसते. ‘कुठे अडतंय?’ विचार आणि गप्प बस (हेच सगळ्यात अवघड). वेळ जमली नाही तर पुढे ढकल, पण रद्द नको. सारखी रद्द झाली की माणसं अडचणी सांगायचं सोडतात, आणि तुला कळतं ते थेट राजीनाम्याच्या मेलवरून.

काम सोपवताना लिहून दे: काय हवंय, कधीपर्यंत, आणि कोणते निर्णय न विचारता घ्यायचे. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात, मग बारीकसारीक गोष्टही तुझ्याच टेबलावर परत येते.

चूक दाखवायची तर लगेच, एकट्याला बोलावून आणि नेमकी: ‘मंगळवारचा रिपोर्ट दोन तास उशिरा गेला.’ ‘तू बेजबाबदार आहेस’ म्हटलंस की रिपोर्ट बाजूला राहतो आणि वाद स्वभावावर जातो.