फॉर्म भरून घेतला, पुढं काय केलं?

मागच्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं की सेमिस्टर संपल्यावर घेतलेला फीडबॅक ज्या मुलांनी भरला त्यांच्या काहीच कामाचा नसतो. त्यावर बरीच पत्रं आली, मेसेज आले, काही जण रागावले पण. सोलापुरात संख्याशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे. यावेळी चारच प्रश्न घेतेय, नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे, यंदा आयक्यूएसीतलं (कॉलेजची अंतर्गत गुणवत्ता समिती) फीडबॅकचं काम माझ्याकडे आलंय. दरवर्षी गुगल फॉर्म फिरवतो, मुलं भरतात, जवळजवळ सगळी 'उत्तम' वरच टिक करतात, आम्ही पाय चार्ट काढून फाईलला लावतो. पण पहिल्या वर्षाचा रिझल्ट काही वर सरकत नाही आणि दुसऱ्या सेमला बरीच मुलं दिसतच नाहीत. नक्की चुकतंय कुठं?

उत्तर: सर, आधी हे बघा की तुमचा फॉर्म कुणासाठी आहे. नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यमापन करणारी संस्था, तिचं जे विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आहे, २०१७ च्या पद्धतीत आलेलं, २१ प्रश्नांचं, त्यात २० प्रश्न पर्यायांचे आणि शेवटचा सूचना लिहायचा, ते संस्थेचं मूल्यमापन करायला आहे. त्या कामाला ते ठीक आहे. पण बहुतेक कॉलेजं तोच फॉर्म थोडा इकडंतिकडं करून आपल्या मुलांना देतात आणि त्यातून मुलांचा रिझल्ट सुधारेल अशी अपेक्षा करतात, तसं होत नाही. कुठलं मूल मागं पडतंय आणि कशामुळं, हे त्यातून कळतच नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. मार्चमध्ये फीडबॅक घेतला तर तो फार तर पुढच्या बॅचला उपयोगी पडणार. ज्या पोराला सप्टेंबरमध्येच काही कळेनासं झालं होतं ते तोपर्यंत एमआयडीसीत कामाला लागलेलं असतं. म्हणून पहिला छोटा सर्व्हे चौथ्या-पाचव्या आठवड्यात घ्या, सहा-सात प्रश्न, त्याहून जास्त नको, आणि पहिली युनिट टेस्ट त्याच सुमारास ठेवा म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे विचारायचं काय. 'शिक्षकांचं शिकवणं कसं वाटतं' असं विचारलं की मुलं उत्तमच म्हणणार, आपल्याकडे गुरुजींना नावं ठेवायची पद्धत नाही. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाकडून २००० सालापासून एक मोठा सर्व्हे चालतो, एनएसएसई म्हणतात त्याला, पहिल्या आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी असतो. त्यात भर असतो तो मुलं काय करतात यावर, म्हणजे आठवड्यात किती तास अभ्यास केला, शिक्षकांशी वर्गाबाहेर किती वेळा बोललात, किती तास नोकरी करता, अशा प्रश्नांवर. हे आपल्याला सहज घेता येतं. मागच्या आठवड्यात किती लेक्चर चुकली, शेवटचं लेक्चर कशामुळं चुकलं, शंका आली तर कुणाला विचारली, घरून निघून वर्गात बसेपर्यंत किती वेळ लागतो, एवढं विचारा. मुलांना खोटं बोलायची गरज वाटत नाही कारण त्यात कुणाची तक्रार नसते.

मी एका कॉलेजात असताना एका बॅचच्या प्रॅक्टिकलला मुलींची हजेरी मधूनच एकदम पडायची, वार ठरलेला नाही, त्यामुळे आम्हाला काही पत्ता लागेना, सगळे म्हणायचे मुली सिरियस नाहीत. मग चिठ्ठीवर एकच प्रश्न विचारला, शेवटचं प्रॅक्टिकल कशामुळं चुकलं, आणि सोबत फक्त राहायचा भाग लिहायला सांगितला. एकामागून एक चिठ्ठीवर 'पाणी आलं होतं'. सोलापूरकरांना हे समजवायला नको, चार-पाच दिवसांनी पाणी येणार, आलं की घरातलं कुणीतरी भरायला हवं, आई विड्यांच्या कामाला, वडील लूमवर, म्हणजे राहिली पोरगी. हजेरीपट भागाप्रमाणे लावला तर एका भागातल्या मुली एकाच दिवशी गैरहजर, अगदी स्वच्छ दिसलं. त्या मुलींना चुकलेलं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचसोबत करायची मुभा दिली, एक रुपया खर्च आला नाही. आणि मी स्वतः आधी दोन महिने त्याच मुलींना वर्गात बोलले होते, ते अजून मनाला लागतं.

म्हणून म्हणते, सर्व्हे एकटा घेऊन बसू नका, तो हजेरीपट आणि युनिट टेस्टच्या मार्कांशेजारी ठेवा. नुसते मार्क बघितले तर कोण मागं आहे ते कळतं पण का ते कळत नाही, आणि नुसत्या सर्व्हेतून तक्रार कळते पण ती मार्कांपर्यंत पोचते का हे कळत नाही. शिक्षकांना मिळालेल्या रेटिंगचंही तसंच आहे. २०१७ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून पुन्हा तपासले गेले तेव्हा ज्यांना मुलं जास्त रेटिंग देतात त्यांच्याकडे मुलं जास्त शिकतात असा संबंध काही सापडला नाही. रेटिंग घेऊ नका असं नाही, पण त्यावरून शिक्षकांची क्रमवारी लावू नका.

भाषेचं पण बघा. आपल्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणारी मुलं एका बाकावर बसतात आणि फॉर्म असतो इंग्रजीत, त्यात 'कोर्स आउटकम' सारखे शब्द जे कित्येकदा शिकवणाऱ्यालाही धड सांगता येत नाहीत. मुलं तिथं उभी एक रांग टिक करत खाली येतात. फॉर्म साध्या मराठीत करा, वाटल्यास वर्गात वाचून दाखवा.

आणि जी दिसत नाहीत म्हणता ना, त्यांच्यापर्यंत लिंक पोचत नाही. जो वर्गात बसलाय तोच फॉर्म भरतो. त्यांना फोनच करावा लागेल, ऑफिसमधून नाही तर ओळखीच्या शिक्षकानं. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाचे क्रेडिट पूर्ण करून सर्टिफिकेट घेऊन थांबायची सोय आहे, त्यामुळे हा मुलगा विचार करून थांबला की फीसाठी, आजारपणासाठी, केटी लागली (विषय राहिला) म्हणून सुटून गेला, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. रजिस्टरमध्ये दोघांपुढं एकच रेघ असते.

शेवटचं, उत्तरं आल्यावर पंधरा दिवसांच्या आत वर्गात पाच मिनिटं उभं राहून सांगा की तुम्ही हे सांगितलंत, त्यातलं हे आम्ही बदललं, आणि हे जमणार नाही कारण अमुक. नॅकच्या फीडबॅकच्या निकषातही गोळा करा, विश्लेषण करा, कृती करा असंच आहे, पण कृतीच्या रकान्यात आपण 'संबंधितांना सूचना दिल्या' एवढं लिहून मोकळे होतो. पाच मिनिटं सांगितलंत तर पुढच्या वेळी मुलं खरं लिहितील.

प्रश्न: मॅडम मी बीएस्सी सेकंड इयरला आहे, अक्कलकोटवरून एसटीने अपडाऊन करते. फीडबॅक फॉर्ममध्ये पीआरएन नंबर (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) मागतात आणि म्हणतात गोपनीय आहे. आमचे इंटर्नल मार्क त्याच सरांच्या हातात असतात. खरं लिहावं का?

उत्तर: तुझी भीती खरी आहे बाळा, ती खोटी आहे असं मी सांगणार नाही. ज्या फॉर्ममध्ये पीआरएन आहे तो निनावी नाही, एवढं सरळ. काही सर्व्हेंना नंबर लागतो, म्हणजे मी वर म्हटलं तसं हजेरी-मार्कांशी जोडायचं असेल तर, पण मग तसं उघड सांगायला हवं की नंबर का घेतोय, कोण बघणार, आणि शिकवणाऱ्या शिक्षकांना तो दिसणार नाही. शिक्षकांबद्दलच्या फॉर्ममध्ये नंबर मागूच नये, आणि त्याचा गोषवारा इंटर्नल मार्क सबमिट झाल्यावरच शिक्षकांच्या हाती द्यावा. तुम्ही दहा-पंधरा जणींनी मिळून सीआरकडून, म्हणजे वर्गप्रतिनिधीकडून, एवढीच मागणी लेखी द्या, ती मान्य करायला कॉलेजला काही अडचण यायला नको.

गुगल फॉर्मबद्दल एक माहीत असू दे. लॉगिन करायला लावलं म्हणजे नाव गेलंच असं नाही, एकाने एकदाच भरावं ही सेटिंग असली तरी लॉगिन मागतं. ईमेल गोळा करायची सेटिंग वेगळी असते, ती चालू असेल तर फॉर्मवरच तसं लिहून येतं, ते आधी वाच.

आणि फॉर्म बनवणाऱ्यांनाही इथंच सांगते, नाव काढून टाकलं म्हणजे झालं नाही. वर्गात उर्दू माध्यमातून आलेल्या तीनच मुली असतील आणि तुम्ही माध्यमवार तक्ता लावलात तर त्या तिघी कोण हे सगळ्यांना कळतं. पाचपेक्षा कमी जणांचा गट रिपोर्टमध्ये वेगळा दाखवू नका, मोठ्या गटात मिळवून टाका.

तोपर्यंत तू काय लिहावंस? माणसाबद्दल न लिहिता झालेल्या गोष्टीबद्दल लिही. 'सर नीट शिकवत नाहीत' यापेक्षा 'तिसरं युनिट दोन लेक्चरमध्ये झालं, गणितं सोडवून दाखवली नाहीत' हे लिही. त्यातून तू ओळखू येण्याची शक्यता कमी, आणि त्यावर काही करताही येतं.

प्रश्न: आमच्याकडे एका विषयाची इंटर्नल टेस्ट एमसीक्यू, म्हणजे पर्याय निवडायची, असते. दरवेळी वर्गाची सरासरी कमी येते आणि आम्ही मुलांना दोष देतो. पेपरच चुकीचा निघाला हे तपासायची काही सोपी पद्धत आहे का? (शिक्षिका, बार्शी)

उत्तर: आहे, आणि ती कागद-पेन्सिलवर होते. मुलांच्या उत्तरपत्रिका एकूण मार्कांप्रमाणे उतरत्या लावा. वरची २७ टक्के आणि खालची २७ टक्के वेगळी काढा. ६० ची बॅच असेल तर वरचे १६, खालचे १६. आता एकेक प्रश्न घ्या. समजा एका प्रश्नाला वरच्या १६ पैकी १२ जणांचं उत्तर बरोबर आलं आणि खालच्या १६ पैकी ४ जणांचं, तर १२ वजा ४ म्हणजे ८, भागिले १६, उत्तर ०.५. म्हणजे तो प्रश्न येणारा आणि न येणारा यांच्यात चांगला फरक करतोय. ०.२ च्या खाली आलं तर प्रश्न पुन्हा वाचा. उणे आलं, म्हणजे हुशार मुलांचंच जास्त चुकलं, तर आधी उत्तरसूची तपासा, बऱ्याचदा 'ब' च्या जागी 'क' छापलेलं असतं, नाहीतर दोन पर्याय बरोबर असतात. मुलं तेव्हाच ओरडत असतात की मॅडम दोन्ही बरोबर आहेत, आपण त्यांना गप्प बसवतो.

आणखी एक करा. चुकलेल्यांनी कुठला चुकीचा पर्याय निवडला ते मोजा. निम्मा वर्ग एकाच चुकीच्या पर्यायावर गेला असेल तर ते अंदाजे ठोकलेलं नाही, वर्गात काहीतरी उलटं समजलंय, तेवढा भाग पुन्हा शिकवा. पुढच्या टेस्टमध्ये तोच मुद्दा वेगळ्या शब्दांत विचारा म्हणजे फरक पडला का ते दिसेल. इंग्रजी वाक्य अडवतंय का हे बघायचं असेल तर तोच प्रश्न मराठीत चार मुलांना तोंडी विचारा, लगेच कळतं. ६० मुलांचा आकडा लहान आहे, त्यामुळे ०.१९ आणि ०.२१ यात भेद करत बसू नका, एकदम वाईट प्रश्न तेवढे बाजूला काढा.

प्रश्न: मॅडम, मी लूमवर कामाला आहे. पोरगं बीकॉम फर्स्ट इयरला, दोन विषय राहिले. कॉलेजातनं फक्त मार्कलिस्ट दिली. घरी आम्हाला शिकलेलं कुणी नाही, पोरगं काय सांगत नाही. आम्ही काय करावं?

उत्तर: दादा, दोन विषय राहिले म्हणून पोराचं शिक्षण बंद करू नका, हे पहिलं. एटीकेटीत, म्हणजे राहिलेले विषय घेऊन, पुढं जाता येतं का ते कॉलेजच्या ऑफिसात विचारा, नियम आणि फॉर्मची तारीख लिहून घ्या, तारीख चुकली की एक परीक्षा हातची जाते.

मार्कलिस्ट बघताना इंटर्नलचे आणि लेखी परीक्षेचे मार्क वेगवेगळे असतात ते बघा. इंटर्नलमध्ये कमी असतील तर बहुतेक हजेरी किंवा असाइनमेंटचा घोळ आहे, वर्गात पोरगं पोचत नाही. इंटर्नल बरे आणि लेखीत पडला असेल तर त्याला येत असून लिहिता येत नाहीये असं असू शकतं. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स विद्यापीठाकडून फी भरून मुदतीत मागता येते. ती घेऊन त्या विषयाच्या सरांकडं जा आणि कुठं मार्क गेले ते पोराला समोर बसवून समजावून द्या म्हणा.

बहुतेक कॉलेजांत प्रत्येक पोराला एक मेंटॉर, म्हणजे त्याच्याकडं लक्ष ठेवणारा, शिक्षक नेमलेला असतो, तुमच्या पोराचा कोण आहे ते विचारा. कित्येक पोरांना स्वतःला माहीत नसतं. पाळी बदलून घ्या पण एकदा स्वतः जाऊन भेटा, पोराला संगं न्या. तो रात्री लूमवर तुम्हाला मदत करत असेल तर आठवड्यातनं किती रात्री, सकाळचं कितीचं लेक्चर त्यामुळं चुकतं, हे सगळं मोकळेपणानं सांगा, यात लाजायचं काही नाही. ते कळलं तर सर त्याला दुपारची बॅच देऊ शकतील का ते बघतील.

आणि पोरगं बोलत नाही म्हणता, तर 'नापास का झालास' असं नका विचारू, 'कुठल्या विषयाला कोण शिकवतं, त्यातलं कुठलं कळतं' इथून सुरू करा. भेटून आल्यावर मला जरूर कळवा, पुढच्या अंकासाठी मी तुमच्या पत्राची वाट बघतेय.