दूध सोडण्याआधी

तुम्ही घरचे शाकाहारी, आता व्हिगन व्हायचं, म्हणजे दूध-तूप-मधासकट प्राण्यांकडून येणारं सगळंच सोडायचं म्हणताय. एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा: हे सोवळं नव्हे. आपल्याकडे शाकाहाराला जातीचा, शुद्ध-अशुद्धाचा रंग फार चढलाय. वारकऱ्यांची तुळशीची माळ किंवा जैनांनी कंदमुळं वर्ज्य करणं, यामागे श्रद्धा आहे, तिचा मान ठेवाच. पण १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी व्हिगन सोसायटी काढली, ती थेट दुधा-अंड्यांवर बोट ठेवून. म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही. रेडी झाली तर ठेवतात. रेडा झाला तर त्याला कोण पोसणार? नांगरालाही आता ट्रॅक्टर आहे. एकदा गोठ्यावर जाऊन हे विचाराच. माझ्यासाठी सगळं या प्रश्नापाशी येऊन थांबतं.

म्हणूनच शेजारी सुकट भाजली तर नाक मुरडू नका. तूप खाणाऱ्याने तर नाहीच नाही.

पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, त्यात दूध आणि मध चालतो. मागचे घटक वाचा. बिस्किटांत दूध पावडर बऱ्याचदा असते. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारून गोळी सुरू कराच, यात हयगय नको. बाकी पिठलं-भाकरी, उसळी, कटाची आमटी आहेच. पुरणपोळीवर तुपाऐवजी नारळाचं दूध घ्या. आणि नैवेद्याच्या तुपावरून पहिल्याच सणाला आईशी वाद घालू नका. आपलं ताट तेवढं वेगळं वाढून घ्या.