दुपारी सोलरचा इन्व्हर्टर सारखा बंद का पडतो?

तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरात छतावर ३ किलोवॅटचं सोलर आहे, फेब्रुवारीपासून ऐन दुपारी इन्व्हर्टर 'ग्रिड ओव्हरव्होल्टेज' दाखवून बंद पडतो, तर दोष कुणाचा.

पॅनेलचा नाही. इन्व्हर्टरही बहुधा ठणठणीत आहे. व्होल्टेज २३० च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ च्या पुढे गेलं की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत लाईनपासून सुटं व्हायचं, हा नियमच आहे.

आपल्याकडच्या तारा डीपीकडून, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरकडून, घराकडे वीज आणायच्या हिशोबाने ओढलेल्या. दुपारी निम्मी गल्ली कुलूपबंद असते. ३ किलोवॅट बाहेर जातात तेव्हा साधारण १३ अँपिअर उलटे वाहतात. वाटेत फेज-न्यूट्रल मिळून अर्धा ओहम रोध धरला, तरी तुमच्याकडे साडेसहा व्होल्ट चढले. त्याच फेजवर शेजाऱ्यांचंही सोलर असेल तर आणखी. अक्कलकोट रोडला कारखान्यांच्या छतावर हा त्रास कमी, कारण माग दिवसभर चालतात, वीज तिथेच खपते.

त्यात डीपीचा टॅप, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून किती व्होल्टेज बाहेर द्यायचं ते ठरवणारी जोडणी. रात्री कूलर-एसी लागले की शेवटच्या घराला व्होल्टेज मिळावं म्हणून तो चढवलेला असतो. सप्लाय बंद केल्याशिवाय तो बदलता येत नाही, मग दुपारी एक, रात्री एक कसं करणार? फेब्रुवारीत ऊन लख्ख, हवा गार, आणि कूलर अजून माळ्यावर. मे महिन्यात पॅनेल तापून उत्पादन उलट घटतं.

आता एक करा. कडक उन्हात इन्व्हर्टरवरचं आणि मीटरवरचं व्होल्टेज एकाच वेळी बघा, फोटो काढा. इन्व्हर्टरवर २५६ आणि मीटरवर २४७ असेल, तर ९ व्होल्ट तुमच्याच केबलमध्ये चढतायत; सोलर बसवणाऱ्याकडून जाड केबल टाकून घ्या. मीटरवरच २५२ दिसत असेल, तर त्या डीपीवरच्या सगळ्या सोलरवाल्यांनी मिळून महावितरणला लेखी अर्ज द्या. आधी फेजवरचा भार वाटून मागा, टॅप नंतर. तो उतरवला की रात्री कुणाचा तरी पंखा मंदावतो.

सेटिंगमधली मर्यादा वाढवून देणारे भेटतील. नको. चढलेलं व्होल्टेज शेजाऱ्याच्या फ्रीजलाही सोसावं लागतं.

तोवर वॉशिंग मशीन आणि हौदातून टाकीत पाणी चढवायची मोटर बारा ते दोनमध्ये लावा. हौदात पाणी कुठल्या दिवशी असेल, ते मात्र सोलापूरकरांना मी काय सांगू!