वाचकांचे प्रश्न : डोलोरेस हे नाव ठेवावे का?

प्रश्न : आमच्या नातीचा बाप्तिस्मा पुढील महिन्यात आहे. माझ्या दिवंगत सासूबाईंचे नाव डोलोरेस होते आणि तेच नातीला द्यावे, अशी माझ्या यजमानांची इच्छा आहे. परंतु त्याचा अर्थ ‘दुःखे’ असा असल्याचे कळल्यापासून सूनबाई बिचकली आहे. हे नाव ठेवावे का, आणि न ठेवल्यास दुसरे कोणते सुचवाल?
(एक वाचक, वांद्रे)

उत्तर : सूनबाईंना कळलेला अर्थ खोटा नाही. लॅटिन ‘डोलोर’ म्हणजे वेदना, आणि स्पॅनिश भाषेतले ‘डोलोरेस’ हे तिचेच अनेकवचन. मात्र हे मुळात स्वतंत्र नाव नसून पवित्र मरीयेचे बिरुद आहे. ‘मारिया दे लोस डोलोरेस’, म्हणजे दुःखांची मरीया, असे ते पूर्ण नाव. बोलता बोलता त्यातील मारिया गळून पडली आणि मागे डोलोरेस एवढेच उरले. बाळ येशूला मंदिरात नेले तेव्हा वृद्ध शिमोनाने मरीयेच्या जिवातून तलवार आरपार जाईल असे भाकीत केले, ते लूकच्या शुभवर्तमानात आहे. परंपरेने मोजलेल्या तिच्या सात दुःखांतील हे पहिले, आणि काही चित्रांत तिच्या हृदयात सात तलवारी दिसतात त्या याच. या माउलीचा सण १५ सप्टेंबरला येतो, म्हणजे आपल्या वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा बहुधा चालू असतानाच.

थोडे आपल्या भाषेकडेही पाहा. काव्यशास्त्रात करुण रसाचा स्थायीभाव, म्हणजे मूळ भावना, शोक आहे, तरीही करुणा हे नाव ठेवताना कोणी कचरत नाही, कारण त्यातून आपल्याला शोक नव्हे तर दया ऐकू येते. डोलोरेसचेही तसेच आहे : ज्यांनी हे नाव लेकींना दिले, त्यांनी दुःख सोसूनही क्रुसाजवळ उभी राहिलेली आई मनात धरली होती. त्यामुळे हे नाव अवश्य ठेवावे, असे माझे मत आहे. घरात हाक मारायला स्पेनमध्ये याचेच लाडके रूप ‘लोला’ रूढ आहे, ते सूनबाईंना कदाचित आवडेल.

तरीही मन वळले नाही, तर मरीयेच्या बिरुदांतूनच निघालेली आणखी दोन नावे आहेत. मर्सिडीज म्हणजे कृपा. कैद्यांची खंडणी भरून त्यांना सोडवणाऱ्या, १२१८ साली बार्सिलोनात स्थापन झालेल्या संघाच्या माउलीचे हे नाव. (मोटारीला ते एका उद्योजकाच्या मुलीवरून मिळाले, हे ऐकून सूनबाईंची आणखी एक शंका फिटेल.) कार्मेन हे कर्मेल डोंगरावरून आले असून मूळ हिब्रू शब्दात फळबागेचा अर्थ आहे. याखेरीज मार्गारेट म्हणजे मोती, सुझाना म्हणजे कमळासारखे लिलीचे फूल आणि ॲना म्हणजे कृपा. शेवटचे नाव परंपरेप्रमाणे मरीयेच्या आईचे.

प्रश्न : बाप्तिस्म्याला परदेशी नावच हवे का?
(एक वाचक, बोरिवली)

उत्तर : नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत नाव ख्रिस्ती भावनेशी विसंगत नसावे, एवढीच अपेक्षा आहे. लक्ष्मीबाई टिळक ख्रिस्ती झाल्यावरही लक्ष्मीबाईच राहिल्या.