एलूल लागण्याआधी

शालोम बाळ,

एलूलमध्ये, म्हणजे आपल्या यहुदी नववर्षाआधीच्या महिन्यात, काय काय करायचं, याची यादी मागितलीस. यादी देत नाही. एकच काम सांगतो, बाकीचं जमेल तसं कर.

सलिहोतला, म्हणजे क्षमेच्या प्रार्थनांना, शब्बाथ (शनिवार) सोडून रोज पहाटे ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये यायचं तुझ्या रात्रपाळीत बसणार नाही. सुट्टीच्या दिवशी ये. इतर दिवशी दाविदाचं २७वं स्तोत्र म्हण. १४ ओव्या आहेत, लोकल ठाण्याहून मुलुंडला पोचेपर्यंत होतात. उपवासाचं म्हणशील तर कोकणातले आपले जुने बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी यहुदी, एलूलभर रोजे धरायचे आणि त्याला चक्क ‘रमजान’ म्हणायचे. शास्त्रात तसं बंधन नाही. पाळीवर चक्कर येऊन पडू नकोस म्हणजे झालं.

आता मुख्य काम. एलूलच्या पहिल्या तारखेला मोशे पुन्हा सिनाय चढला आणि चाळीस दिवसांनी, दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूर या क्षमेच्या उपवासाच्या दिवशी, दहा आज्ञांच्या दुसऱ्या पाट्या घेऊन उतरला, असं आपण मानतो. म्हणून या महिन्यात सगळे वर बघतात. पण मिश्नात, आपल्या जुन्या नियमग्रंथात, स्पष्ट आहे: देवाशी केलेल्या चुका किप्पूरला माफ होतात, माणसाशी केलेल्या होत नाहीत, त्या माणसाला राजी करेपर्यंत. बाराव्या शतकात रम्बामने (धर्मपंडित मायमोनिडीसने) तर रीतच घालून दिली. समोरचा नाही म्हणाला तर तीन मित्रांना घेऊन जा, असं तीनदा कर. तरी ऐकलं नाही तर दोष त्याचा. तो वारला असेल तर दहा जणांना घेऊन कबरीपाशी उभा राहा. मला यातला व्यवहारीपणा फार आवडतो. नाक घासायलाही मर्यादा आहे!

‘कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमस्व’ असं व्हॉट्सॲपवर दोनशे जणांना पाठवणं ही माफी नव्हे. ती कुणाचीच नसते.

गेल्या मलिद्याला, आपल्या नवसाच्या प्रसादाच्या जेवणाला, मामेभावाला तू ‘फुकट्या’ म्हणालास. गूळ-खोबऱ्याचे पोहे त्याच्या बशीत तसेच राहिले, तो उठून गेला. तोच शब्द उच्चारून माफी माग. ‘पण तूही...’ जोडू नकोस. चारचौघांत बोललास, तर त्यातल्या दोघांना तरी सोबत घे. लाज वाटेल, वाटू दे. आणि पुढच्या मलिद्याला तो समोर असेल, जीभ पुन्हा शिवशिवेल. तेव्हा गप्प राहिलास तर रम्बामच्या हिशेबाने तुझी तशुवा, म्हणजे पश्चात्ताप, पुरी.

एलूलचे २९ दिवस आहेत, पण किप्पूरच्या आदल्या संध्याकाळपर्यंत लांबवू नकोस. त्या दिवशी उपवास लागण्याआधी, सूर्य बुडायच्या आत जेवायची घाई असते, कुणी कुणाचं ऐकत नाही. मामेभाऊ रविवारी दुपारी दुकानात एकटा असतो. पहिल्याच रविवारी दोघांना घेऊन जा, आणि आधी फोन करू नकोस, टाळेल.

तुझा काका